सिंक म्हणजे बॅकअप नव्हे: डाइव्हच्या लॉगबुकावरून डेटा सांभाळण्याचे धडे



पीएचडीच्या तयारीला लागलेल्या बऱ्याच जणांचा असा समज असतो की डेटा गोळा करणं हेच खरं संशोधन, आणि तो सांभाळणं म्हणजे कारकुनी. त्यामुळे प्रश्नावली कशी करायची, नमुना किती घ्यायचा, कोणती चाचणी लावायची यावर आपण महिनोन् महिने बोलतो. पण गोळा केलेली फाईल आज रात्री कुठे झोपणार आहे, यावर कोणी पाच मिनिटंही बोलत नाही. आजची पोस्ट त्या पाच मिनिटांसाठी.

उदाहरण म्हणून स्कूबा डायव्हिंगचं डिजिटल लॉगबुक घेतो. "बाप्पा, धामनगावात समुद्र कोठून आला?" असं कोणीही विचारेल. बरोबरच आहे. धामणगाव रेल्वे हे बडनेरा आणि वर्ध्याच्या मधलं स्टेशन. इथे कापूस येतो, तूर येते, सोयाबीन येतं, लाट येत नाही. पण म्हणूनच हे उदाहरण कामाचं आहे. पाण्याखालची नोंद मालवणला तयार होते, तिचं विश्लेषण मात्र इथे घरी बसून होतं. मध्ये कोकण रेल्वे आहे, मुंबई आहे, दोन-तीन उपकरणं आहेत आणि बेभरवशाचं नेटवर्क आहे. जिथे डेटा जन्मतो ती जागा आणि जिथे तो वापरला जातो ती जागा यांत जेवढं अंतर जास्त, तेवढा तो वाटेत हरवायची शक्यता जास्त. तुमचं फील्डवर्क मेळघाटात असो की मुंबईच्या चाळीत, हिशोब तोच.

लॉगबुकात नेमकं काय असतं?

डायव्हर मनगटावर एक छोटं यंत्र बांधतो. त्याला डाइव्ह कॉम्प्युटर म्हणतात. त्यात दाब मोजणारा सेन्सर असतो. पाण्यात साधारण दर १० मीटरला दाब १ बारनं वाढतो, त्यावरून यंत्र खोली काढतं. ठरावीक सेकंदांनी ते खोली, वेळ आणि तापमान नोंदवत राहतं. समजा दर १० सेकंदांना एक नोंद, तर ४५ मिनिटांच्या डाइव्हमध्ये २७० नोंदी झाल्या. याला डाइव्हचा प्रोफाइल म्हणतात.

यंत्राला एवढंच कळतं. बाकीचं माणूस भरतो: जागा, सोबती कोण, पाणी किती स्वच्छ होतं, सिलिंडर किती बारने सुरू झाला आणि कितीवर संपला, खाली काय दिसलं. संशोधनासाठी डाइव्ह असेल तर कोणत्या रेषेवर किती मीटर मोजणी केली, कोणते प्रवाळ पांढरे पडलेले दिसले, कोणता फोटो कुठला, हेही येतं.

यातलं काही हरवलं तर काय बिघडतं? दोन गोष्टी बिघडतात.

एक, संशोधन. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, क्षेत्रफळ २९.१२ चौरस किलोमीटर. तिथल्या प्रवाळांचं काय चाललंय हे सांगायचं तर आधीच्या वर्षीची नोंद लागते. जून ते सप्टेंबर पावसाळ्यामुळे तिथे डायव्हिंग बंद असतं, म्हणजे हंगाम मोजक्याच महिन्यांचा. जानेवारीतली एखादी मोजणी हरवली तर फेब्रुवारीत जाऊन जानेवारीचा समुद्र परत मोजता येत नाही. प्रयोगशाळेतला प्रयोग पुन्हा लावता येतो, निसर्गातली तारीख पुन्हा लागत नाही.

दोन, जीव. खोल पाण्यात श्वास घेताना नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. तो घाईनं बाहेर पडला तर बुडबुडे होतात आणि माणूस आजारी पडतो. म्हणून डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा सल्ला असा आहे की एकाच साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसू नका. उंच घाट चढतानाही हाच विचार करावा लागतो. मालवणहून आंबोलीमार्गे देशावर यायचं ठरवलं तर शेवटची डाइव्ह किती वाजता संपली हे नक्की माहीत हवं. आणि त्रास झालाच तर डॉक्टर पहिले प्रश्न विचारतात ते हेच: किती खोल, किती वेळ, किती वेळा. तेव्हा "बहुतेक दोनदा गेलो होतो" हे उत्तर चालत नाही.

एकच नोंद, चार घरं

आता ही नोंद कुठे कुठे राहते ते बघा. आधी डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये. मग ब्लूटूथनं फोनमध्ये. मग इंटरनेटवरून क्लाउडमध्ये. मग लॅपटॉपमध्ये. चार ठिकाणी आहे म्हणजे चार प्रती झाल्या, असं वाटतं. तसं नाही.

डाइव्ह कॉम्प्युटरची मेमरी मर्यादित असते. ती भरली की सगळ्यात जुनी डाइव्ह पुसून तिच्या जागी नवी लिहिली जाते. यंत्र तुम्हाला विचारत नाही. म्हणजे ती तात्पुरती मुक्कामाची जागा आहे, कोठार नाही. उरलेली तीन ठिकाणं एकमेकांना दोरीनं बांधलेली आहेत. त्या दोरीचं नाव सिंक.

सिंकचं काम एकच: सगळ्या ठिकाणी आत्ताची स्थिती सारखी ठेवणं. तुम्ही फोनवर एक नोंद वाढवली की ती लॅपटॉपवर येते. छान. पण फोनवर चुकून एक नोंद उडवली की ती लॅपटॉपवरूनही उडते, तितक्याच तत्परतेनं. सिंकला तुमची दुरुस्ती आणि तुमची चूक यांतला फरक कळत नाही. त्याच्या लेखी दोन्ही 'बदल'च.

बॅकअपचं काम वेगळं: आधी काय होतं ते जपून ठेवणं, आणि आजच्या बदलांपासून लांब ठेवणं.

गावातलं उदाहरण देतो. सातबारा आपण सगळेच बघतो. आज ही जमीन कोणाच्या नावावर आहे, हे तो सांगतो. पण ती त्याच्या नावावर कधी झाली, कशामुळे झाली, त्याआधी कोणाच्या नावावर होती, हे जाणून घ्यायचं तर तलाठ्याकडे गाव नमुना सहा बघावा लागतो, म्हणजे फेरफाराची नोंदवही. भांडण कोर्टात गेलं की वकील आधी फेरफार मागतो. सिंक म्हणजे सगळ्यांच्या हातात आजचा सातबारा असणं. बॅकअप आणि इतिहास म्हणजे फेरफाराची वही शाबूत असणं. थीसिसच्या तोंडी परीक्षेत परीक्षक जेव्हा विचारतात, "हा आकडा आधीच्या अहवालात वेगळा होता, कधी बदललात?" तेव्हा ते तुमचा फेरफारच मागत असतात.

सबसरफेस: फेरफार ठेवणारं लॉगबुक

डाइव्ह लॉगची बरीच ॲप आहेत. मी सबसरफेस निवडतोय, कारण ते मोफत आहे, त्याचा सोर्स कोड खुला आहे आणि त्यातून शिकायला खूप मिळतं. लिनक्स कर्नल लिहिणारे लिनस टोरवाल्ड्स स्वतः डायव्हर आहेत. त्यांनी २०११ साली हा प्रोग्राम सुरू केला. पुढे त्याची मोठी जबाबदारी डर्क होंडेल यांनी सांभाळली. लिनक्स, विंडोज आणि मॅकवर तो चालतो. अँड्रॉइड आणि आयफोनसाठी त्याची मोबाइल आवृत्तीही आहे.

टोरवाल्ड्स यांनीच २००५ साली गिट बनवलं होतं, म्हणजे प्रोग्रामर लोक कोडचे बदल नोंदवायला वापरतात ते साधन. सबसरफेसच्या क्लाउडमध्ये लॉग साठवायला हेच गिट वापरलंय. तुम्ही लॉग सेव्ह करता तेव्हा जुन्यावर नवं गिरवलं जात नाही, तर एक नवा फेरफार जोडला जातो. शिवाय साठ्याची एक प्रत तुमच्या स्वतःच्या यंत्रातही राहते. त्यामुळे नेट नसलं तरी लॉग उघडता येतो, त्यात लिहिता येतं, आणि नेट आलं की दोन्हीकडचे बदल जुळवले जातात. मे महिन्यात दुपारी लाईट गेली, वायफाय बंद पडलं, तरी काम थांबत नाही.

पण एक सांगून ठेवतो. जुन्या अवस्था साठ्यात असतात हे खरं, तरी त्या बाहेर काढायला गिटची थोडी ओळख लागते. ते एका बटणाचं काम नाही. म्हणून 'इतिहास आहे' यावर विसंबून वेगळा बॅकअप टाळू नका.

दोन यंत्रांनी एकाच नोंदीला हात लावला तर?

हा भाग नीट वाचा, कारण संशोधनात एकापेक्षा जास्त माणसं एकाच फाईलवर काम करतात तेव्हा नेमकं हेच होतं.

समजा ३७ क्रमांकाची डाइव्ह आहे. तिच्यात जागाही भरलेली नाही आणि टिपणही नाही. बोटीवर बसून तुम्ही फोनवर जागा भरली. मुक्कामी आल्यावर लॅपटॉपवर टिपण लिहिलं. दोन्ही वेळा नेट नव्हतं. आता नेट आलं. दोन आवृत्त्या समोरासमोर आल्या. खरी कुठली?

गिट इथे दोन आवृत्त्या एकमेकींशी ताडत बसत नाही. ते तिसरी बघतं, म्हणजे दोघींची शेवटची सामाईक आवृत्ती. तिच्यात जागा नव्हती आणि फोनवर आहे, म्हणजे फोननं जागा भरली. तिच्यात टिपण नव्हतं आणि लॅपटॉपवर आहे, म्हणजे लॅपटॉपनं टिपण भरलं. दोघांनी वेगवेगळ्या रकान्यांना हात लावलाय, तेव्हा दोन्ही बदल ठेवले. भांडण नाही. याला त्रिमार्गी विलीनीकरण म्हणतात. दोन भावांचा हिशोब मिटवताना वडिलांची जुनी वही काढावी, तसं.

आता समजा पाण्यातली दृश्यता फोनवर ४ मीटर लिहिली आणि लॅपटॉपवर ६ मीटर. सामाईक आवृत्तीत ती जागा रिकामी होती. आता कुठलाही प्रोग्राम आला तरी खरं काय ते त्याला कळणार नाही, कारण खरं त्या फाईलमध्ये नाहीच, ते तुमच्या डोळ्यांनी बघितलंय. अशा वेळी काही साधनं नंतरचा बदल ठेवतात आणि आधीचा टाकतात. काही साधनं दोन फाईली करून ठेवतात, आणि आपण नंतर चुकीची उघडून त्यातच काम चालू करतो. दोन्हीत नुकसान तुमचं.

यावर उपाय तंत्रज्ञानाचा नाही, शिस्तीचा आहे:

पहिली शिस्त, एका रकान्याचा एकच मालक. जागा आणि वेळ फोनवर भरायची. टिपणं आणि मोजण्या लॅपटॉपवर. टीम असेल तर कोण काय भरणार ते पहिल्याच दिवशी ठरवा.

दुसरी शिस्त, बसताना सिंक, उठताना सिंक. काम सुरू करण्यापूर्वी ताजी आवृत्ती ओढून घ्या, संपल्यावर ढकला. मधल्या वेळेत दुसरं यंत्र उघडू नका.

तिसरी शिस्त, पाण्याखाली पाटीवर पेन्सिलीनं लिहिलेलं पुसण्यापूर्वी तिचा फोटो काढा. दृश्यता ४ की ६, या वादात शेवटचा साक्षीदार ती पाटीच असते. तुमच्या विषयात पाटीच्या जागी फील्डची वही आहे असं समजा.

घड्याळ, क्रमांक आणि पाणी

डेटा हरवतो त्यापेक्षा जास्त वेळा तो गुपचूप बिघडतो. तीन जागा सांगतो.

घड्याळ. बऱ्याच डाइव्ह कॉम्प्युटरना वेळेचा पट्टा वगैरे काही कळत नाही. तुम्ही जी वेळ लावली तीच त्यांची वेळ. बॅटरी बदलली की घड्याळ मागे गेलेलं असू शकतं. वर आणखी एक भानगड: भारतीय वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे. सकाळी ९:३० ची डाइव्ह एखाद्या प्रोग्रामनं जागतिक वेळेत धरली तर ती ४:०० ची होते. एकदा फोनमधून एका वेळेनं आणि एकदा लॅपटॉपमधून दुसऱ्या वेळेनं तीच डाइव्ह आत घेतली गेली, तर प्रोग्रामला ती दोन वेगळ्या डाइव्ह वाटू शकते, कारण 'ही तीच' हे तो मुख्यतः वेळेवरूनच ओळखतो.

यानं काय होतं ते आकड्यात बघा. ४० मिनिटांत ६० मासे मोजले, म्हणजे मिनिटाला १.५. डाइव्ह दुहेरी झाली की मिनिटं ८० झाली, मासे तेवढेच. आता मिनिटाला ०.७५. मासे निम्म्यानं घटले असा निष्कर्ष तुम्ही काढाल, आणि समुद्रात काहीच घडलेलं नसेल. घडलंय ते फक्त घड्याळात.

क्रमांक. '३७ नंबरची डाइव्ह' ही ओळख कच्ची आहे. मध्येच एक राहिलेली जुनी डाइव्ह घातली आणि क्रमांक पुन्हा लावले की ३७ ची ३८ होते. मग फोटोंच्या फोल्डरला आणि नमुन्याच्या बाटलीला चिकटवलेला ३७ हा आकडा दुसऱ्याच डाइव्हकडे बोट दाखवतो. म्हणून कधीही न बदलणारी ओळख स्वतः द्या: जागा, तारीख आणि त्या दिवशीची कितवी. उदाहरणार्थ 'मालवण-२०२५-०१-१२-०२'. तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस अशी. ०५/०३ हे ५ मार्च की ३ मे, यावर एक्सेल आणि तुम्ही यांचं एकमत होईलच असं नाही. शिवाय वर्ष आधी लिहिलं की फाईली आपोआप काळाच्या क्रमानं लागतात.

पाणी. यंत्र दाब मोजतं, खोली नाही. खोली ते गणितानं काढतं, आणि त्यासाठी पाण्याची घनता गृहीत धरतं. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड. सराव पोहण्याच्या तलावात केला आणि यंत्र खाऱ्या पाण्यावर लावलेलं राहिलं, तर खऱ्या १२ मीटरला ते सुमारे ११.७ दाखवेल. फरक छोटा आहे, पण सेटिंगची नोंदच नसेल तर तो दुरुस्त करता येत नाही. म्हणून मोजमापासोबत मोजणाऱ्या यंत्राची सेटिंगही जपायची. हे काही डायव्हिंगपुरतं नाही. मातीचा ओलावा मोजणाऱ्यानं त्याच्या मीटरचं कॅलिब्रेशन कधी केलं होतं, तेही याच जातीचं.

३-२-१: धामणगावच्या हिशोबानं

बॅकअपचा एक साधा नियम आहे. पीटर क्रॉग या छायाचित्रकारानं तो लोकप्रिय केला. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. प्रत्येक आकड्यामागे एक संकट आहे.

तीन कशाला? एक प्रत बिघडली आणि दुसरीवरून नवी करताना तीही बिघडली, तर तिसरी लागते. डिस्क बहुधा तेव्हाच दगा देते, जेव्हा तिच्याकडून सगळं एकदम मागितलं जातं.

दोन माध्यमं कशाला? एकाच वेळी घेतलेल्या, एकाच कंपनीच्या दोन डिस्क एकाच दोषामुळे जाऊ शकतात.

एक लांब कशाला? चोर लॅपटॉपची बॅग नेतो तेव्हा त्यातली डिस्कही नेतो. जूनच्या सुरुवातीला आपल्याकडे विजा कडाडतात. प्लगमध्ये असलेलं सगळं एकाच तडाख्यात जाऊ शकतं. बॅकअपची डिस्क काम झालं की काढून कपाटात ठेवा. जोडलेली असेल तर वीजही तिच्यापर्यंत पोहोचते आणि खंडणी मागणारा व्हायरसही.

मग आपली मांडणी अशी: पहिली प्रत लॅपटॉपवर. दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, घरी कपाटात. तिसरी क्लाउडवर, किंवा एखाद्या पेन ड्राइव्हमध्ये अमरावतीला मित्राकडे. पेन ड्राइव्ह हे वाहन आहे, घर नाही. वर्षानुवर्षं त्यात एकमेव प्रत ठेवू नका.

क्लाउडबद्दल दोन सावधगिरीच्या गोष्टी. लॅपटॉपवरच्या ज्या फोल्डरचं क्लाउडशी सिंक चालू आहे, तो आणि क्लाउड मिळून पूर्ण दोन प्रती धरू नका. त्या दोरीनं बांधलेल्या आहेत हे वर बघितलंच. आणि क्लाउडचा कचऱ्याचा डबा कायमचा नसतो. गूगल ड्राइव्हमध्ये टाकून दिलेली फाईल ३० दिवसांनी आपोआप नष्ट होते. चूक एकतिसाव्या दिवशी लक्षात आली तर डबा रिकामा.

आकाराची चिंता करू नका. शेकडो डाइव्हचा लॉग म्हणजे आकडे आणि मजकूर, तो काही मेगाबाइटच्या घरातच राहतो. मोबाइल डेटावरही चढतो. जड असतात ते फोटो आणि व्हिडिओ. इथे एक फसगत होते: लॉगमध्ये फोटो दिसतो म्हणून तो लॉगमध्येच आहे असं वाटतं. सबसरफेस फोटोची फाईल क्लाउडवर चढवत नाही, ती कुठे आहे याची नोंद ठेवतं. फोल्डर हलवलं की पत्ता चुकतो. तेव्हा फोटोंचा बॅकअप वेगळा, आणि फाईलच्या नावात वर सांगितलेली न बदलणारी ओळख.

परत आणून बघितला नाही, तो बॅकअप नाही

डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठात महासंगणकाच्या साठ्यातून सुमारे ७७ टेराबाइट डेटा नष्ट झाला. १४ संशोधन गटांना फटका बसला, त्यांपैकी चार गटांचा डेटा परत आणता आला नाही. कारण काय? बॅकअपचीच स्क्रिप्ट. जुन्या फाईली साफ करणाऱ्या तिच्या भागात बदल केला, ती चालू असतानाच नवी आवृत्ती तिच्यावर टाकली गेली, आणि साफसफाईचा आदेश खऱ्या फाईलींवर चालला. एवढ्या मोठ्या यंत्रणेत हे होऊ शकतं, तर आपल्या घरच्या डिस्कवर फक्त हिरवी टिक बघून निश्चिंत राहणं बरं नाही.

म्हणून महिन्यातून एकदा उलटी तालीम करा. बॅकअपमधली फाईल दुसऱ्याच यंत्रावर उघडा, मित्राच्या लॅपटॉपवर चालेल. तीन आकडे बघा: एकूण डाइव्ह किती, सर्वांत खोल किती, पाण्याखालची एकूण मिनिटं किती. हे तीन आकडे तुमच्या कागदी वहीत प्रत्येक फेरीनंतर लिहून ठेवलेले असले पाहिजेत. जुळले तर बॅकअप जिवंत आहे.

याहून पक्की तपासणी हवी असेल तर चेकसम. शा-२५६ ही पद्धत कुठल्याही फाईलचा ६४ चिन्हांचा अंगठा काढून देते. फाईलमधलं एक अक्षर बदललं तरी अंगठा पार बदलतो. लिनक्समध्ये आणि विंडोजमध्ये यासाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. कच्चा डेटा ज्या दिवशी मिळाला त्याच दिवशी अंगठा काढून वहीत चिकटवा. तीन वर्षांनी कोणी शंका घेतली तर पुन्हा काढून दाखवा.

वीस वर्षांनी कोण वाचेल?

ॲप बंद पडतात, कंपन्या विकल्या जातात, फोन बदलतात. म्हणून वर्षातून दोनदा तरी लॉग अशा स्वरूपात बाहेर काढा जे कुठल्याही साध्या एडिटरमध्ये उघडेल. सबसरफेसची स्वतःची फाईल मुळात एक्सएमएल, म्हणजे वाचता येणारा मजकूरच आहे. त्यातून यूडीडीएफ या डाइव्ह नोंदींसाठीच्या सामाईक स्वरूपातही निर्यात होते आणि सीएसव्हीतही. यूडीडीएफमध्ये प्रोफाइलही नेता येतो. सीएसव्ही विश्लेषणाला सोयीचं, पण त्यात काय काय गळालं ते तपासून घ्या.

टिपणं मराठीत लिहीत असाल, आणि लिहावीच, कारण मालवणचा मच्छीमार तांबोशी म्हणाला ते तसंच्या तसं नोंदवण्यात माहिती आहे, तर सीएसव्ही नेहमी यूटीएफ-८ मध्ये साठवा. एक्सेलमध्ये ती डबल क्लिक करून न उघडता डेटा आयात करण्याच्या वाटेनं घ्या आणि तिथे यूटीएफ-८ निवडा. नाहीतर तांबोशीच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसतील. आणि तशीच सेव्ह केलीत तर ती कायमची.

तुमच्या विषयात हे कसं लावायचं

तुम्ही पाण्यात उतरणार नसाल. चांदूर रेल्वेच्या बाजूला कापसावरच्या बोंडअळीच्या नोंदी घेणार असाल, मुलाखती रेकॉर्ड करणार असाल, जुन्या दस्तांचे फोटो काढणार असाल. नावं बदला, प्रश्न तेच राहतात. डाइव्ह कॉम्प्युटरच्या जागी रेकॉर्डर आहे, त्याचीही मेमरी भरते. प्रोफाइलच्या जागी ध्वनिफीत आहे, टिपणाच्या जागी लिप्यंतर. मुलाखतींना तर आणखी एक जबाबदारी येते: सांगणाऱ्यानं विश्वासानं सांगितलेलं आहे, तेव्हा बॅकअपच्या प्रत्येक प्रतीला पासवर्ड हवा. प्रती वाढल्या की त्या फुटायच्या जागाही वाढतात.

आज रात्री एवढं करा. एक कोरा कागद घ्या. त्यावर तुमचा डेटा जिथे जिथे आहे त्या जागा लिहा. ज्या जागा सिंकनं बांधलेल्या आहेत त्यांच्याभोवती एकच गोल काढा. आता गोल मोजा, जागा नाही. तीन गोल झाले तर उत्तम. दोन असतील तर या आठवड्यात एक डिस्क मिळवा. एकच गोल असेल, तर वाचन, सिनॉप्सिस, पेपर, सगळं बाजूला ठेवा आणि आधी दुसरा गोल तयार करा. मग त्याच कागदावर खाली तारीख घाला आणि पुढच्या महिन्याची तालीम कोणत्या दिवशी, कोणाच्या लॅपटॉपवर करणार, ते लिहून भिंतीला लावा.